पाळी तिची, काळजी लग्नाची

मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, की आपल्या घरांत आधी आवाज खाली येतो. आई स्वयंपाकघरात आजीच्या कानावर घालते. आजी म्हणते, वय आहे, येईल. मग ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून पाळी यायची गोळी आणली जाते. ती घेतली की पाळी येते, विषय मिटतो, आणि पुन्हा तीन महिने जातात. अशी वर्षं निघून जातात. मुलगी बावीस-तेवीसची होते, बायोडाटा छापायची वेळ येते, आणि मग दवाखान्यात यायची घाई सुटते. "मॅडम, पोरीची पाळीच येईना की ओ. काय तर करा. आता बघायला सुरू केलंय आम्ही."

तुमची काळजी खोटी नाही. पण उपचार कुणासाठी मागताय, एवढं एकदा स्वतःला विचारून बघा. अजून न आलेल्या स्थळासाठी, की समोर बसलेल्या लेकीसाठी? दोन्हींचे उपचार वेगळे होतात. स्थळासाठीचा उपचार अक्षता पडल्या की थांबतो. लेकीचा थांबून चालत नाही.

तुम्ही ज्याला पीसीओडी म्हणता, त्यालाच डॉक्टर हल्ली पीसीओएस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा बायकांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना तो असल्याचं कळलेलंच नसतं. बहुतेकींमध्ये मूळ भानगड इन्सुलिनची असते. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन करायला लावतं. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच, इथे ते जरा वर जातं. मग स्त्रीबीज वाढता वाढता मध्येच थांबतं, फुटून बाहेर पडत नाही. बीज फुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि त्याच्या चढउताराशिवाय पाळी वेळेवर येत नाही. गर्भाशयाचं अस्तर मात्र आत वाढत राहतं. म्हणून तीन महिन्यांनी आलेली पाळी कधी कधी पंधरा दिवस थांबत नाही. हनुवटीवरचे राठ केस, गालावरची मुरुमं, भांगातले विरळ केस हे सगळं त्याच टेस्टोस्टेरॉनचं काम. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या ‘गाठी’ ऐकून आईच्या पोटात गोळा येतो, त्या म्हणजे अर्धवट वाढून थांबलेली बीजं. तो कॅन्सर नाही, आणि त्या ऑपरेशन करून काढायच्याही नसतात.

एक खूण मात्र घरीच दिसते आणि घरीच तिच्यावर अन्याय होतो. मुलगी समोर बसलेली असते. मे महिना, सोलापूरचं ऊन, पंखा गरम वारा फेकतोय, आणि हिने ओढणी मानेभोवती घट्ट लपेटलेली. आई सांगते, "डाळीचं पीठ लावलं, लिंबू लावलं, दगडानं घासलं, मान काळी ती काळीच. नीट अंघोळच करत नाही ही." ओढणी काढायला लावली की दिसतं, मानेची कातडी जाडसर, मखमली, गडद झालेली आहे. काखेतही तशीच. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण आहे. घासून ती जात नाही, उलट कातडी सोलवटते. इन्सुलिन खाली आलं की ती हळूहळू फिकी होते. आणि हे सांगता सांगता माझी नजर आईच्या मानेकडे जाते, तेव्हा बऱ्याचदा तिथेही तोच पट्टा असतो. तिच्याही पाळ्या लग्नाआधी अशाच होत्या, फक्त तिला कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं.

आता निदानाचं बोलू, कारण इथे दोन टोकं आहेत. एकीकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष, दुसरीकडे सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात आधीच काढलेली सोनोग्राफी आणि तिच्या कपाळावर कायमचा शिक्का. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी १५ ते २४ वयाच्या मुंबईतल्या मुली तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका निकषाने शंभरात साडेबावीस मुलींना पीसीओएस निघाला, दुसऱ्या जास्त कडक निकषाने जेमतेम अकरा. मुली त्याच, आकडा निम्मा. फरक पडला तो मोजायच्या पट्टीमुळे. पहिल्या पट्टीत सोनोग्राफीतल्या ठिपक्यांना वजन जास्त मिळतं, आणि वयात येणाऱ्या कितीतरी निरोगी मुलींच्या अंडाशयात असे ठिपके दिसतातच. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत या निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये. बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीचं विसाव्या वर्षापर्यंत निदान करायचं ते दोन गोष्टींवर: पाळी खरोखर अनियमित आहे का, आणि टेस्टोस्टेरॉन वाढल्याच्या खुणा अंगावर किंवा रक्तात आहेत का. दोन्ही हव्यात.

अनियमित म्हणजे किती? पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती कशीही आली तरी घाबरायचं कारण नाही. पहिल्या ते तिसऱ्या वर्षात दोन पाळ्यांमध्ये ४५ दिवसांपर्यंत अंतर चालतं. तीन वर्षं झाल्यावर ३५ दिवसांपर्यंत. २१ दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा येत असेल तरी दाखवायचं. आणि पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी ९० दिवस उलटून गेले, किंवा पंधरावं वर्ष पुरं होऊनही पाळीच आली नाही, तर वाट बघू नका. हे दिवस मोजायचे तर तारीख कुठेतरी लिहिलेली हवी. दाते पंचांग आपल्याच गावात निघतं, एकादशीपासून ग्रहणापर्यंत सगळं घरात तोंडपाठ असतं, पण "शेवटची पाळी कधी आली?" म्हटलं की मायलेकी एकमेकींकडे बघतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहिता ना, त्याच चौकटीत एक फुली करा. कुणी बघितली तर बघू दे.

रक्ताच्या तपासण्या थोड्याच लागतात: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, आणि ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर. पाळी चुकण्याची इतर कारणं आधी बाजूला काढायची असतात, म्हणून गरोदरपणाची चाचणीही सांगितली जाते. त्यावर रागावू नका. तो तुमच्या संस्कारांवरचा संशय नसतो. सोनोग्राफी लागलीच तर ती भरल्या लघवीने पोटावरून होते, कुमारिकेची आतून तपासणी त्यासाठी करत नाहीत. या एका भीतीपोटी कितीतरी आया मुलीला आणतच नाहीत.

"पण आमची तर काडीपैलवान आहे, तिला कसं असेल?" हा प्रश्न हमखास येतो. असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपली भारतीय बाळं वजनाने हडकुळी असूनही अंगात चरबी तुलनेने जास्त घेऊनच जन्मतात. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर हातपाय काटकुळे असले तरी लक्ष द्यायला हवं.

गोळ्यांवरून तर घरात महाभारत होतं. पाळी नियमित करायला आणि केस-मुरुमं आवरायला बऱ्याचदा जी गोळी देतात, ती कुटुंब नियोजनाचीच असते. मेडिकलवाला पाकीट बघून म्हणतो, लग्न झालंय का हिचं? आई गोळ्या परत करून घरी. या गोळीने पुढे वांझपण येत नाही. वाढलेलं अस्तर वेळच्या वेळी पडून जावं, वर्षानुवर्षं आत साचून पुढे धोका होऊ नये, हे तिचं मोठं काम. मात्र ती मनाने घ्यायचीही नाही. डोळ्यांपुढे चमचमून अर्धशिशी होत असेल, किंवा घरात कुणाच्या रक्तात गुठळ्या झाल्या असतील, तर ते आधी सांगायला हवं. दुसरी गोळी मेटफॉर्मिन. ती मधुमेहाची असली तरी ती दिली म्हणजे मुलीला मधुमेह झाला असं नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून जेवणासोबत घ्यायची. आणि गोळ्या बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली तर "डॉक्टरनं सवय लावली" असं म्हणू नका. स्वभावच तसा आहे या दुखण्याचा.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरी आल्या, गड्ड्याची जत्रा आली, घरात वास्तुशांत आली, की हीच मुलगी, जिची पाळी मुळातच येत नाही, तिला ती न येण्याची गोळी दिली जाते. मला याचा खरोखर राग येतो. सिद्धरामेश्वराच्या गावात देवाला तिच्या पाळीचं वावडं आहे असं मी तरी मानत नाही. तुम्ही मानत असाल तर माना, पण त्याचा हिशेब तिच्या शरीराकडून वसूल करू नका.

खाण्याबद्दल मी तक्ता लिहून देत नाही. एखादा ठरावीक आहार या त्रासात इतरांपेक्षा सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. आपल्या मातीत मालदांडी पिकते, मंगळवेढ्याची ज्वारी आहे, शेंगाचटणी आहे, मटकी, मेथी, ताक आहे. एवढं ताटात असलं तर परदेशी बिया विकत आणायची गरज नाही. फक्त भाकरी ‘चालते’ म्हणून तीन भाकऱ्या आणि वर भाताचा डोंगर, असं करू नका. ज्वारीतही पिष्ट आहेच. खरा घोळ दुपारच्या चहासोबतच्या खारीत, शीतपेयाच्या बाटलीत आणि रात्री पार्क चौपाटीवरून येणाऱ्या पुड्यांत असतो. आणि ती पुडी बाबा भावासाठी आणतात, मुलीला सांगतात, तू नको खाऊस. हे बंद करा. एकाच घरात एकाला भजी आणि एकीला काकडी, असा उपचार चार दिवस टिकत नाही, आणि मुलगी चोरून खायला शिकते. बदलायचा तर घराचा डबा बदला. बाबांच्या साखरेलाही तो मानवेल.

वजन जास्त असेल तर पाच टक्क्यांनी उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. सत्तर किलोच्या मुलीचे साडेतीन किलो. "दहा किलो उतरव, नाहीतर कोण करून घेणार तुला" या वाक्याने आजवर कुणाचं वजन उतरलेलं मी पाहिलं नाही. रडणं, खोलीचं दार लावून बसणं, कॉलेज बुडवणं मात्र पाहिलंय. या मुलींमध्ये उदासी आणि चिंतेचं प्रमाण मुळातच जास्त असतं. तेव्हा झोप उडाली, बोलणं कमी झालं, आरसा टाळायला लागली, तर तोही आजाराचाच भाग समजा आणि डॉक्टरांना सांगा. चेहऱ्यावरच्या केसांसाठी थ्रेडिंग करायचं म्हणाली तर करू द्या. केसांवर गोळीचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, तोवर तिने ते केस मिरवत का फिरावं?

व्यायामाचं दुखणं वेगळं आहे. पाळी सुरू झाली त्या वर्षी आपण तिचं खेळणं बंद केलं. आता एकदम सांगतो, चालायला जा. किशोरवयात रोज तासभर अंग घामेजेल अशी हालचाल लागते. एप्रिल-मेत पारा चाळिशीच्या वर असताना ती पहाटे नाहीतर रात्री जेवणानंतरच जमणार, आणि त्या वेळी ती एकटी जाणार कशी? तेव्हा घरातल्या कुणीतरी चप्पल घालायला हवी. नाहीच जमलं तर गच्चीवर दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार. ताकदीचे व्यायामही हवेत. जिममध्ये वजनं उचलली म्हणून ती पुरुषी होत नाही, स्नायू वाढले की इन्सुलिनला दाद मिळते.

आणि मूल? होतं. बऱ्याचजणींना आपसूक होतं, काहींना बीज फुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळीची मदत लागते. लग्न केलं की पीसीओएस जातो, एक बाळंतपण झालं की जातो, या दोन्ही गोष्टी मात्र खऱ्या नाहीत. गरोदरपणात साखर वाढण्याचा आणि पुढे मधुमेहाचा धोका राहतो, त्यामुळे ठरावीक काळाने साखर आणि रक्तदाब बघत राहायचं. स्थळाला सांगायचं का, असं विचारलंत तर माझं मत असं: बायोडाट्यात लिहायची ही गोष्ट नाही आणि लपवायचीही नाही. मुलामुलीचं बोलणं पुढे गेलं की तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं. ते ऐकून जो मागे फिरेल, त्याला फिरू द्या.

खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये स्त्रीरोग, त्वचा आणि मेडिसिन हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकही असतं. पहिल्यांदा कुठेही गेलात तरी तारखांचा कागद आणि आधीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. दहा मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. घरात साखर कुणाकुणाला होती ते विचारून जा, आजोळचं आणि वडिलांकडचंही. वडिलांकडचं आईला बहुधा ठाऊक नसतं. म्हणून बाबांनी बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसू नये, आत यावं.