*कांदा चाळीची आखणी : टेप लावण्याआधी तिरकी बाजू हिशेबाने काढा*



उन्हाळ कांदा निघायच्या आत ज्यांना चाळ उभी करायची आहे, त्यांनी हे नीट वाचा. पाया काटकोनात नसेल तर ते पत्रे टाकायच्या दिवशी कळतं. एका टोकाला पत्रा बाहेर जातो, दुसरीकडे कमी पडतो आणि तिथूनच पावसाची झड कांद्यावर येते. तोवर खांब गाडून झालेले असतात.

शाळेतला पायथागोरसचा नियम आठवा. काटकोनाच्या दोन बाजूंचे वर्ग करून बेरीज करा. तिचं वर्गमूळ म्हणजे समोरची तिरकी बाजू, म्हणजे कर्ण. आपल्याकडे हाच नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. शुल्ब म्हणजे दोरी, तेव्हा हे काम मुळात दोरी-खुंटीचंच!

समजा चाळ *40 फूट लांब, 12 फूट रुंद* आहे.

*कोपरा :* कोपऱ्याच्या खुंटीपासून रुंदीच्या दोरीवर 12 फूट आणि लांबीच्या दोरीवर 9 फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 15 फूट भरलं की कोपरा गुण्यात आला (144 + 81 = 225). गवंडी 3-4-5 घेतात, तेही बरोबरच. पण माप जितकं मोठं तितकी चूक लवकर दिसते.

*पूर्ण पाया :* 40 × 40 = 1600, 12 × 12 = 144, बेरीज 1744. वर्गमूळ 41.76. बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की √ चं बटण दिसतं.

इथे जपा. 41.76 फूट म्हणजे 41 फूट 7 इंच नव्हे. टेपवर फुटाचे 12 इंच असतात, म्हणून .76 ला 12 ने गुणा, साधारण 9 येतात. कर्ण *41 फूट 9 इंच*. समोरासमोरच्या बाजू सारख्या ठेवून दोन्ही कर्ण मोजा. दोघांत 6 इंचांचा फरक आला तर रुंदीची बाजू साधारण 3 इंच तिरकी गेली आहे. खुंट्या सरकवा, मगच फक्की मारा.

*पत्रा किती लांब?* छप्पर दुपाखी. मधल्या आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवं अंतर 6 फूट, आढ्याची जादा उंची अडीच फूट. 36 + 6.25 = 42.25, वर्गमूळ 6.5. म्हणजे वासा साडेसहा फूट. झड अडवायला दीड फूट पाखं बाहेर काढलं की 8 फुटी पत्रा पुरतो. पुष्कळजण सरसकट 10 फुटी आणतात आणि कापून टाकतात.

*उलटा हिशेब :* घरी साडेसात फुटी जुने पाइप पडलेत आणि तेच न कापता वासे म्हणून वापरायचेत. मग आढं किती वर जाईल? आता बेरीज नाही, *वजाबाकी*. कर्णाच्या वर्गातून आडव्या बाजूचा वर्ग वजा करा : 56.25 − 36 = 20.25, वर्गमूळ 4.5. आढं साडेचार फूट वर जाईल. पाणी पटकन निथळेल, पण छप्पर वारा जास्त धरेल आणि पत्राही 9 फुटी लागेल. उघड्या माळावर असाल तर पाइप कापलेलेच बरे.

तुमची लांबी-रुंदी वेगळी असेल तर आकडे बदला, रीत हीच. पत्र्यांची मागणी कळवताना नगांबरोबर पत्र्याची लांबी फुटांत लिहा.