घरातलं झुरळ आणि बांधीतली वाळवी

धान कापून पुंजणे रचले, बांधीतली ओल उतरली, की धुऱ्यावरची वाळवी आत सरकते. पावसाळाभर पाणी उभं असतं तोवर बांधीत तिचं काही चालत नाही. याच दिवसांत नवं धान घरात येतं आणि कट्ट्यांच्या सांदीत झुरळं फिरू लागतात. मग शेतासाठी आणलेलं औषध उरलं की तेच घरातही फवारलं जातं. कृपा करून असं करू नका. त्या कट्ट्यांतलं धान लेकरांच्या ताटात येणार आहे.

ही दोघं आहेत मात्र एकाच कुळातली. दिसायला वाळवी मुंगीसारखी, पण ती झुरळांच्या वंशातली, हे 2007 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालं. संसार मात्र निराळे. घरातलं मोठं तांबूस झुरळ मिळेल ते खातं. मादी 14 ते 16 अंड्यांची तपकिरी डबी कोपऱ्यात चिकटवून निघून जाते. वाळवीचं घर राणीवर चालतं आणि आंधळे कामकरी मातीच्या नळीतून ये-जा करतात. वारूळ बांधणारी ओडोन्टोटर्मिस आत बुरशी पिकवते. पावसाळ्यात आपण चवीने खातो त्या सात्या याच बुरशीच्या. म्हणून पडीतलं, पिकापासून दूरचं वारूळ फोडू नका.

हरभऱ्याचं झाड वाळलं तर आधी उपटून पाहा. वाळवी असेल तर ते अलगद हातात येतं, मुळं कुरतडलेली आणि मातीने लिंपलेली असतात. मर रोगात मूळ शाबूत असतं. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ दिसते. दोन्हींचा इलाज वेगळा.

गहू-हरभऱ्याला कच्चं शेणखत टाकू नका. वाळवी त्याच्यामागे येते. पेरणीआधी बीजप्रक्रिया करा. औषध आणि मात्रा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून ठरवा. फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे, कोणी देऊ केलं तरी घेऊ नका.

घरात कट्टे फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचा. झुरळांसाठी कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या सांदीत ठेवा, लेकरं-जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत अशा. भिंतीवर मातीची नळी दिसली तर बोटभर फोडून ठेवा. दोन-तीन दिवसांत ओल्या मातीने बुजली, तर वाळवी आत जिवंत आहे. तणसाचा ढीग त्या भिंतीपासून त्याच दिवशी हलवा.