जुना ट्रॅक्टर अडून बसतो तेव्हा

जून-जुलैत आपल्या बेळगुंदी परिसरात चिखलणीची गडबड सुरू झाली की एखाद्या घरचा जुना ट्रॅक्टर नेमका त्याच वेळी अडून बसतो. रोपे तयार, शेतात पाणी भरलेले, भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही. मग कुणीतरी सांगून जाते, "इंजिन गेले, बांधायला काढा." इंजिन बांधायचे म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि वेळप्रसंगी क्रँकशाफ्ट घासून आणणे. हंगामाची कमाई त्यात जाते. पालकांना आमचे सांगणे असे, की इंजिन खोलण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती बेळगावात. तिथल्या मुलांना तर हे जमायलाच हवे.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला दाबून तिचे आकारमान साधारण १६ ते १८ पट कमी करतो. त्यामुळे हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले, तेही याच तत्त्वावर. स्टार्टर संथ फिरला तर हवा पुरेशी तापत नाही. अशा वेळी आधी बॅटरी व तिची टर्मिनले पाहावीत.

स्टार्टर जोमाने फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही, असे असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. इंजिन बंद करायचा दांडा ओढलेला राहिला नाही ना, हे प्रथम पाहा. (हसू नका, असे होते!) पावसाळ्यात दुसरे कारण पाण्याचे. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या बाष्पाचे थेंब होतात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते व फिल्टरात उतरते. फिल्टरखालचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्या. पाणी असल्यास खाली वेगळा थर दिसेल.

टाकी पूर्ण संपू दिली तर पाइपात हवा शिरते. हवा दाबली की आकसते, डिझेल जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पंप हवाच दाबत राहतो आणि नोझल उघडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. 'एअर काढणे' म्हणतात ते हेच. कित्येक 'गेलेली' इंजिने एवढ्यावर सुरू होतात.

धूर काळा असेल तर बहुधा हवा कमी पडते. मळणीचा भुसा एअर क्लीनरात बसलेला असतो, तो साफ करावा. ओझे ओढताना क्षणभर काळा धूर आला तर घाबरू नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. त्यातच इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडातून धुराचे झोत येत असतील, तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव मोठा. मग मात्र इंजिन बांधायची गोष्ट खरी. पांढरा धूर गार सकाळी थोडा वेळ येतोच. इंजिन तापल्यावरही तो राहिला, रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले आणि पट्टीवरचे ऑइल दुधासारखे दिसले, तर इंजिन ताबडतोब बंद करा. पाणी आत शिरते आहे.

एक सिलिंडर काम करत नसेल तर मेस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करून आवाज ऐकतात. मुलांनी हे मुळीच करू नये. तिथला दाब वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त असतो. बारीक धार कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच इस्पितळ गाठावे लागते. तापलेल्या रेडिएटरचे झाकणही उघडू नये.

मेस्त्रींना निरोप धाडताना धुराचा रंग, तो गार असताना येतो की तापल्यावर, आणि ऑइल किती दिवसांत उतरते, एवढे कागदावर लिहून द्या. ते योग्य सामान घेऊनच येतील.