कागदावरील आकृतीपासून तांब्याच्या पाटीपर्यंत

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी लातूरकर विसरलेले नाहीत. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले होते. पाण्याचे मोल ज्यांनी असे अनुभवले, त्यांच्या दृष्टीने भरून वाहणारी टाकी ही किरकोळ बाब नव्हे. टाकी भरताच पंप बंद करणारे लहानसे नियंत्रक म्हणूनच मराठवाड्यातील तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी उत्तम विषय ठरते. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था असो वा लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, विद्यार्थ्याची पहिली अडचण बहुधा एकच असते : मंडलाची आकृती समजली, आता पाटी कशी आखावयाची?

आकृती काय सांगते?

मंडलाची आकृती कोणता भाग कोणाशी जोडावयाचा एवढेच सांगते. तो कोठे बसवावा, हे ती सांगत नाही. मुद्रित मंडल, म्हणजेच पीसीबी, आखताना नेमका हाच निर्णय घ्यावयाचा असतो. ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली. तत्पूर्वी प्रत्येक तार हाताने जोडावी लागे. आता अनावश्यक तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवून पाटीवर वाटा उरविल्या जातात. द्रावणात गेलेले तांबे परत येत नाही. विचार त्यापूर्वीच पूर्ण झाला पाहिजे.

आधी जागा, मग वाटा

वाटा काढण्याची घाई न करता प्रथम भागांच्या जागा ठरवाव्यात. आयसीच्या पायांमधील अंतर २.५४ मिलिमीटर असते, म्हणून त्याच मापाच्या चौकटींच्या कागदावर आखणी करावी. बाहेरच्या तारा जोडावयाचे भाग कडेला, आयसी मध्यभागी आणि तिचा लहान कपॅसिटर तिच्या अगदी निकट असावा. रिलेच्या कॉइलवरील डायोड कॉइलशेजारीच ठेवावा. तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाड असल्यास १ अँपिअर प्रवाहासाठी १ मिलिमीटर रुंदीची वाट पुरते. एकेरी पाटीवर दोन वाटा परस्परांना छेदत असतील, तर भागांची जागा बदलून पाहावी. उपाय न उरल्यास वरून तारेचा तुकडा जोडावा.

या नियंत्रकात एका बाजूला २३० व्होल्टची वीज, तर दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टचे मंडल व टाकीच्या पाण्यात उतरणाऱ्या तारा असतात. या दोहोंमध्ये किमान ८ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. जागा वाचविण्याच्या मोहाने हे अंतर कमी केले, तर घरच्या मंडळींचा हात लागणाऱ्या पाण्यापर्यंत वीज पोहोचू शकते. रिलेने पंपाचा संपूर्ण भार पेलू नये. तिने केवळ स्टार्टरच्या कॉइलला वीज द्यावी.

नेहमीची चूक

भाग बसविण्याच्या बाजूने काढलेली आखणी तांब्याच्या बाजूने आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटी दिसते. याचा विसर पडल्यास आयसीचे पाय उलट्या क्रमाने येतात आणि पाटी वाया जाते. यावर सोपा उपाय आहे. आखणी मूळ मापात कागदावर छापून तिच्यावर प्रत्यक्ष भाग ठेवून पाहावेत. नंतर आकृतीतील एकेक जोडणी वाचून आखणीत शोधावी आणि सापडताच आकृतीत तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने खूण करावी. खूण नसलेली रेघ उरली, तर काम अपुरे आहे असे समजावे.

संगणकावर हीच पडताळणी काही क्षणांत होते. १९९२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली ‘कायकॅड’ ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. तथापि, दिलेल्या नियमांपुरतीच ती चूक दाखविते. वीज व पाणी यांत किती अंतर राखावयाचे, हा नियम मनुष्यालाच सांगावा लागतो.

तयार पाटीची चाचणी प्रथम १२ व्होल्टवरच घ्यावी. २३० व्होल्टची जोडणी फ्यूज बसवून आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी. आखणीसाठी दिलेली एक अधिक संध्याकाळ पाटी वाचविते, पाणी वाचविते आणि प्रसंगी प्राणही वाचविते.