श्वासाची भाषा

श्वासोच्छ्वास ही शरीराची अशी क्रिया आहे, की ती सुरळीत चालली असता तिची आपणांस आठवणही होत नाही. ती बिघडली, तर मात्र थोड्याच वेळात प्राणावर बेतू शकते. ताप पाहण्यास तापमापक लागतो. श्वास पाहण्यास उघडे डोळे आणि सेकंदकाट्याचे घड्याळ एवढे पुरे होते. म्हणून ही विद्या घरोघरी असावयास हवी.

छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला म्हणजे छातीची पोकळी वाढते व हवा फुप्फुसांत शिरते. न्यूमोनियात फुप्फुसे ताठर होतात. मग श्वासपटलास फार जोर करावा लागतो. लहान मुलाच्या बरगड्या मऊ असल्याने या ओढीने छातीचा खालचा भाग श्वास घेताना फुगण्याऐवजी आत जातो. असा खळगा पडू लागला, तर ते दुखणे साधे नव्हे. जुन्या काळी यास 'डबा' म्हणत आणि मुलाच्या पोटावर डाग देत. डागाने फुप्फुसांतील रोग हटत नाही. मुलास यातना होतात आणि उपचाराची वेळ निघून जाते.

खळगा पडण्याच्या आधीच पुष्कळदा श्वासाचा वेग वाढतो. तो मोजताना मूल शांत असावे. रडत वा दूध पीत नसावे. अंगातील कपडा वर करून छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. खोकला किंवा सर्दी असलेल्या मुलाचे श्वास २ महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, २ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. तान्ह्या बाळाचा आकडा अधिक आल्यास पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

या मोजणीचे मोल गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांतील कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे व औषध देण्याचे शिक्षण दिले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले एक साधे साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजावयाचा. या कार्याचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेथे हे काम झाले, तेथील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

मुलांत आणखीही काही खुणा दिसतात. नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, मूल शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे, दूध-पाणी न घेणे, सुस्त पडून राहणे, ही धोक्याची लक्षणे होत. जीभ व ओठांची आतली बाजू निळसर दिसली, तर क्षणाचाही विलंब नको.

प्रौढ मनुष्य विश्रांती घेत असता मिनिटाला सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. त्याचा त्रास त्याच्या बोलण्यावरून ओळखावा. एक वाक्यही तो दमावाचून पुरे करू शकत नसेल, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसत असेल, मानेचे स्नायू ताणले जात असतील, किंवा त्यास भ्रम होऊ लागला असेल, तर संकट जवळ आहे असे जाणावे. दम्याच्या रोग्याविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. थकलेल्या रोग्याच्या छातीतील सूं सूं आवाज एकाएकी थांबला, तर आराम पडला असे मानू नये. हवा आत-बाहेर जाणेच कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते.

अशा वेळी रोग्यास बळेच आडवे करू नये. त्यास सोईचे वाटेल तसे बसू द्यावे. कपडे सैल करावेत, भोवतालची गर्दी हटवावी, धुरी देऊ नये, जबरदस्तीने काही पाजू नये. दम्याचे नेहमीचे फवाऱ्याचे औषध असल्यास द्यावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

विद्यार्थिमित्रहो, आज घरी गेल्यावर निजलेल्या धाकट्या भावंडाचे श्वास एक मिनिट मोजून पाहा. निरोगी श्वास ज्याने नीट पाहिला आहे, त्यास बिघडलेला श्वास ओळखण्यास वेळ लागत नाही.