'ईजीआर फ्लो कमी' म्हणजे नेमकं काय बिघडलं?



गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर जोडतो, त्यावर 'पी ०४०१' असा कोड दिसतो आणि लगेच निकाल लागतो, "ईजीआर व्हॉल्व्ह गेलाय, नवीन टाकावा लागेल." काही हजार रुपये जातात. दिवा विझतो आणि बऱ्याचदा थोड्याच दिवसांत पुन्हा लागतो. असं का होतं, ते आजच्या पाठात पाहूया. गाडी वापरणाऱ्यांना तर हे उपयोगी आहेच, पण आपले जे माजी विद्यार्थी आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकत आहेत त्यांनी जरा लक्ष देऊन वाचावं.

आधी कोड नीट वाचा. पी ०४०१ चा अर्थ आहे 'ईजीआरचा प्रवाह अपुरा'. व्हॉल्व्ह खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शेतातल्या ठिबकला शेवटच्या झाडापर्यंत पाणी जात नसेल, तर आपण थेट मोटर बदलतो का? नाही. फिल्टर बघतो, नळी बघतो, कुठे गाळ बसलाय का, कुठे उंदराने कुरतडलंय का ते बघतो. इथेही तसंच करायचं आहे.

ईजीआर म्हणजे काय?

एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा भाग पुन्हा इंजिनात पाठवायचा. ऐकायला विचित्र वाटतं ना? पाचवीच्या मुलांनाही माहीत असतं की हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण सिलिंडरमधलं तापमान साधारण १३००-१४०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्यांचा संयोग होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड झपाट्याने तयार होऊ लागतात. हे वायू फुप्फुसांना त्रास देतात आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. धुरात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असते. तो ताज्या हवेत मिसळला की ज्वलनाची उष्णता त्यात वाटली जाते आणि तापमान खाली राहतं. किती धूर आत सोडायचा हे ठरवणारी झडप म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह.

आता खरी गोम ऐका. डिझेल गाडीत हा प्रवाह बंद पडला तर चालवणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. उलट पिकअप बरा वाटतो. पेट्रोल गाडी असेल तर खंबाटकीसारख्या घाटात वरच्या गिअरमध्ये चढताना इंजिनातून टकटक आवाज येऊ शकतो, कारण तापमान वाढून पेट्रोल अवेळी पेटतं. पीयूसी करायला गेलात तर तिथे डिझेल गाडीचा धूर किती काळा आहे ते बघतात आणि पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. म्हणजे ईजीआर पूर्ण बंद असलेली गाडीही आरामात पास होऊ शकते! तेव्हा तो पिवळा दिवा हीच काय ती सूचना. काही ठिकाणी मधे पत्र्याची चकती टाकून ईजीआर कायमचा बंद करून देतात आणि "आता कटकट गेली" म्हणतात. ही दुरुस्ती नाही. गाडीची कटकट फक्त रस्त्यावरच्या लोकांच्या छातीत ढकलली जाते.

कॉम्प्युटरला कसं कळतं?

पाइपातून जाणारा धूर कॉम्प्युटरला दिसत नाही, त्याला अंदाज करावा लागतो. काही पेट्रोल गाड्यांत ईजीआरच्या वाटेवर एक बारीक छिद्र असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक सेन्सर मोजतो. प्रवाह असेल तर फरक दिसतो, नसेल तर दिसत नाही. आपल्याकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांत युक्ती वेगळी आहे. एअर फिल्टरनंतर ताजी हवा मोजणारा सेन्सर असतो. सिलिंडरमध्ये जागा ठरलेली, त्यात धूर शिरला की तेवढी ताजी हवा कमी ओढली जाणार. ईजीआर उघडूनही ताजी हवा कमी झाली नाही, तर धूर आत गेलाच नाही असा कॉम्प्युटर निष्कर्ष काढतो.

चला, गणित करूया. स्विफ्टच्या जुन्या डिझेल मॉडेलमध्ये १२४८ सीसीचं इंजिन होतं. चार सिलिंडर, म्हणजे एकाची जागा ३१२ सीसी. समुद्रसपाटीला एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे एका सिलिंडरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ३७४ मिलिग्रॅम हवा मावेल. प्रत्यक्षात थोडी कमीच, आणि पुण्या-नाशिकसारख्या उंचीवर आणखी थोडी कमी. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि स्कॅनरवर हवेचा आकडा बघा. ईजीआर बंद असताना तो या कमाल आकड्याच्या आसपास येईल. मग स्कॅनरवरूनच ईजीआर उघडायची आज्ञा द्या. आकडा स्पष्टपणे खाली आला पाहिजे. जागचा हललाच नाही, तर प्रवाह खरंच नाही. काही स्कॅनर हवा ग्रॅम प्रति सेकंद अशी दाखवतात. तिथेही फक्त घट बघायची.

आता दोष कुठे?

व्हॉल्व्ह विजेवर चालणारा असेल तर स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा, आज्ञा किती टक्क्यांची आणि व्हॉल्व्ह प्रत्यक्षात किती उघडला. समजा आज्ञा ४० ची आहे आणि व्हॉल्व्हही ४० दाखवतोय, पण हवा कमी होत नाही. मग व्हॉल्व्ह बिचारा काम करतोय, वाट बंद आहे. काजळी नळीत, ईजीआर कूलरमध्ये किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाशी साचलेली असते. इंजिनातून येणारी तेलाची वाफ आणि काजळी मिळून डांबरासारखा थर बनतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो लवकर साचतो. आज्ञा ४० ची आणि व्हॉल्व्ह ५ वरच अडकला असेल, तर मात्र व्हॉल्व्ह चिकटलाय किंवा वायरिंग, कनेक्टर यांत दोष आहे. कनेक्टर आधी बघा, तो तपासायला पैसे पडत नाहीत.

व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लागतो. व्हॉल्व्हची रबरी नळी काढून तिथे पंप लावा आणि ओढा. काटा टिकला पाहिजे. घसरत असेल तर आतला पडदा फाटलेला असण्याची शक्यता जास्त. (काही जुन्या व्हॉल्व्हची रचनाच अशी असते की धुराचा दाब नसताना व्हॅक्यूम टिकत नाही, तेव्हा गाडीचं मॅन्युअल बघून ठरवा.) पेट्रोल गाडीत गरम इंजिन आयडलला असताना ही चाचणी फार बोलकी आहे. व्हॉल्व्ह उघडताच इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तर आनंद माना! व्हॉल्व्ह आणि वाट दोन्ही ठीक. दोष व्हॅक्यूमच्या नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधा. पडदा हलताना दिसतोय पण इंजिनावर काहीच परिणाम नाही, तर वाट चोक आहे. डिझेलमध्ये इंजिन बंद पडण्याची वाट बघू नका. तिथे मुळातच जादा हवा असते, त्यामुळे आवाजात थोडा बदल होईल इतकंच. तिथे हवेच्या आकड्यावरच भरवसा ठेवा.

वाट चोक निघाली तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच व्हॉल्व्ह खोला. थर क्लीनरने भिजवून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, झडपेची बैठक खराब होते. सुटलेली ढेकळं इंजिनात पडू देऊ नका. बसवताना पॅकिंग नवीन घ्या. विजेवरच्या काही व्हॉल्व्हना बसवल्यानंतर स्कॅनरने बंद स्थिती नव्याने शिकवावी लागते.

मग कोड पुसा, पण लगेच पैसे चुकते करू नका. कोड पुसला की दिवा विझणारच. कॉम्प्युटर ही तपासणी ठराविक परिस्थितीतच करतो, आणि बऱ्याच गाड्यांत दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळला तरच दिवा लावतो. म्हणून इंजिन थंड असताना सुरू करून, हायवेवर एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं चालवून, मधे मधे ॲक्सिलरेटर सोडून, अशा दोन-तीन फेऱ्या वेगवेगळ्या वेळी करा. त्यानंतर पुन्हा स्कॅनर लावा आणि न पेटलेला, पण नोंद झालेला कोड आहे का तेही बघायला सांगा.