वीस सेंटिमीटरचा गॉडझिला



गेल्या वर्षी वार्षिक दिनाच्या प्रदर्शनासाठी मी हॉबी क्लबमध्ये गॉडझिलाची एक छोटी मूर्ती घडवली. तिला सहा आठवडे लागले. त्यातले पहिले दोन आठवडे वाया गेले आणि शेवटच्या चार दिवसांत केलेले काम खरवडून पुन्हा करावे लागले. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हा लेख लिहीत आहे. मूर्ती गॉडझिलाची असली तरी येथे सांगितलेली पद्धत कोणत्याही विज्ञानपटातल्या राक्षसी प्राण्याला लागू पडते.

आधी प्राणी समजून घ्या

‘गोजिरा’ हा जपानी चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक इशिरो होंडा आणि विशेष दृश्यांचे काम एइजी त्सुबुराया यांचे. जपानी भाषेत गोरिलाला ‘गोरिरा’ आणि देवमाशाला ‘कुजिरा’ म्हणतात. या दोन शब्दांच्या जोडातून हे नाव तयार झाले. त्सुबुराया यांना ‘किंग काँग’प्रमाणे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक चित्र टिपायचे होते. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा हाताशी नव्हता. मग रबरी पोशाखात माणूस घालून लहान आकाराच्या टोकियो शहरातून त्याला चालवायचे ठरले.

त्या पोशाखाच्या आत बांबूच्या कामट्या आणि तार यांचा सांगाडा होता. पहिला पोशाख इतका जड आणि ताठर झाला की त्यात धड चालता येईना. शेवटी तो मधून कापला आणि त्याचे भाग फक्त जवळच्या दृश्यांसाठी वापरले. दुसरा पोशाख त्याहून हलका केला, तरी तो सुमारे १०० किलोचा होता असे सांगतात. म्हणजे जाणकारांचाही पहिला प्रयत्न फसला होता. हे मला आधी माहीत असते तर माझ्या पहिल्या मूर्तीचे मी एवढे दुःख केले नसते.

प्रमाण ठरवा

चित्रपटात गॉडझिलाची उंची ५० मीटर आहे. टोकियोच्या प्रतिकृती १:२५ या प्रमाणात बांधल्या होत्या, म्हणून पोशाखातला गॉडझिला सुमारे २ मीटरचा झाला. मला टेबलावर मावणारी मूर्ती हवी होती. मी १:२५० हे प्रमाण घेतले, म्हणजे उंची २० सेंटिमीटर.

प्रमाण एकदा ठरले की बाकी सगळे त्याच गणिताने येते. आमच्या परेड ग्राउंडवरचा १५ मीटरचा ध्वजस्तंभ ६ सेंटिमीटरचा होतो. चित्रपटात गॉडझिला ज्या संसद भवनावर चालून जातो, त्याचा मधला मनोरा सुमारे ६५ मीटर उंच आहे. तो २६ सेंटिमीटरचा होतो. आणि १ मीटर ७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस होतो फक्त ७ मिलिमीटर. रविवारी मेसमध्ये पुलाव होता. ताटातला बासमतीचा एक दाणा बाजूला काढून मी पट्टीवर मोजला. तो बरोबर ७ मिलिमीटर भरला. तो दाणा मी पुसून खिशात ठेवला.

आता आलेख कागदावर मूर्तीच्याच मापाची दोन चित्रे काढा, एक समोरून आणि एक बाजूने. काम करताना मूर्ती वरचेवर या चित्रांवर धरून पाहायची.

माझी पहिली चूक

आमचे घर पेणचे. काकांचा गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे शाडू माती मी लहानपणापासून हाताळली आहे. सुट्टीवरून येताना दोन किलो शाडू ट्रंकेत घालून आणली होती. तारेचा सांगाडा केला, त्यावर शाडू चढवली आणि प्राणी छान उभा राहिला. चौथ्या दिवशी मांडीला तडा गेला. तो बुजवला तर शेपटीला दोन गेले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डावा पाय गळून पडला आणि आतली तार उघडी पडली.

रविवारी काकांना फोन केला. ते हसून म्हणाले, “अरे, तारेवर शाडू लावलीस होय? माती सुकताना आकसते, तार कुठे आकसते? मग माती फाटणारच. आणि तुमच्याकडची राजस्थानची हवा केवढी कोरडी!”

कारण अगदी सरळ होते. ओल्या मातीतले पाणी उडून गेले की तिचे आकारमान कमी होते. आतली तार मात्र आहे तेवढीच राहते, त्यामुळे मातीवर ताण येतो आणि ती तडकते. गणपतीच्या मूर्तीची बैठक रुंद असते, म्हणून तिला असा सांगाडा लागत नाही. बारीक हात आणि लांब शेपटी असलेल्या प्राण्याला तो हवाच. म्हणजे सांगाडा तोच ठेवून वरचे साहित्य बदलायला हवे होते.

सांगाडा

साधारण ३ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची तार घ्या. ती हाताने वाकते आणि दिलेला आकार धरून ठेवते. तिचे तीन तुकडे लागतात. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटरचा एक, दोन्ही पायांसाठी २८ सेंटिमीटरचा दुसरा आणि हातांसाठी १६ सेंटिमीटरचा तिसरा. जोड बारीक तारेने घट्ट आवळा आणि त्यावर पुट्टीची गोळी दाबून रात्रभर ठेवा. पायांची तार तळव्याखाली ३ सेंटिमीटर जास्त सोडा. लाकडी पाटाला दोन भोके पाडून ती त्यात बसवायची असते.

त्याआधी तोल तपासा. दोन पाय आणि शेपटीचा जमिनीला टेकलेला भाग या तीन बिंदूंचा त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून सोडलेली लंबरेषा या त्रिकोणाच्या आत पडली पाहिजे. सोपी कसोटी अशी: मूर्ती पाटाला न बसवता टेबलावर उभी करा आणि टेबलाला बोटाने टिचकी मारा. मूर्ती पडली नाही तर पुढे चला. पडली तर आत्ताच वाकवून घ्या, नंतर ते जमणार नाही.

भराव आणि लेप

सगळा प्राणी पुट्टीचा केला तर तो जड होतो आणि खर्चही वाढतो. म्हणून पोट, मांड्या आणि शेपटीचे मूळ येथे अॅल्युमिनियम फॉइलचे घट्ट बोळे बारीक तारेने बांधा. वरच्या लेपासाठी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्या. पाइपची गळती बुजवायला घरोघरी एम-सील वापरतात, त्याच जातीची ही पुट्टी. दोन्ही भाग सम प्रमाणात घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा. ती रासायनिक क्रियेने घट्ट होते, पाणी उडून नव्हे, म्हणून ती मातीसारखी आकसत नाही.

एका वेळी लिंबाएवढीच पुट्टी मळा. एक थर ३ ते ४ मिलिमीटरचाच द्या आणि दुसऱ्या दिवशी पुढचा. हातमोजे घालणे सक्तीचे समजा. कच्च्या पुट्टीने त्वचेला खाज सुटते. घट्ट झालेली पुट्टी घासताना नाकाला मास्क लावा.

आधी मोठे आकार पक्के करा: मांड्या, पोट, शेपटी. डोके सर्वात शेवटी. नवशिके डोके मोठे करतात आणि मूर्ती बाहुलीसारखी दिसू लागते. डोके लहान आणि मांड्या जाड ठेवल्या की तोच प्राणी उंच वाटतो.

मांड्या जाड का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला होता. लांबी २५० पट झाली तर पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ २५० च्या वर्गाइतके, म्हणजे ६२,५०० पट होते. वजन मात्र घनाइतके, म्हणजे १,५६,२५,००० पट वाढते. केमिस्ट्री लॅबच्या तराजूवर माझी मूर्ती ४०० ग्रॅम भरली. तीच ५० मीटरची केली तर ६,२५० टनांची होईल आणि पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मूर्तीच्या २५० पट भार येईल. असा प्राणी खरोखर उभा राहू शकणार नाही. पण पाहणाऱ्याला तो खरा वाटायचा असेल, तर ते वजन मांड्यांत दिसले पाहिजे.

कातडी

आता माझी दुसरी चूक. मला कातडीवर खवले हवे होते. कांद्याच्या पिशवीची जाळी ओल्या पुट्टीवर दाबली की सापासारखे सुरेख खवले उठतात. प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना दोन्ही मांड्या आणि अर्धी पाठ अशी तयार झाली होती. तेवढ्यात सातवीतला लातूरचा एक कॅडेट जवळ आला आणि म्हणाला, “दादा, याच्या अंगावर खवले का? हा मासा आहे का?”

मला उत्तर देता आले नाही. प्रेपनंतर लायब्ररीत जाऊन शोधले. शिल्पकार तेइझो तोशिमित्सु यांनी १९५४ साली मातीचे तीन नमुने केले होते. पहिल्याच्या अंगावर खवले होते, दुसऱ्याच्या अंगावर चामखिळीसारख्या गाठी होत्या आणि तिसऱ्याची कातडी मगरीसारखी खडबडीत होती. निवड तिसऱ्याची झाली. तिचा पोत हिरोशिमाच्या अणुस्फोटातून वाचलेल्यांच्या अंगावर उठलेल्या जाड भाजल्या व्रणांची आठवण देतो, असे मानले जाते.

पुढे वाचत गेलो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट, आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाहूनही कितीतरी मोठा. त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ खलाशांच्या अंगावर पडली. नौकेचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावला. त्यानंतर सहा आठवड्यांतच हा चित्रपट पडद्यावर आला. तो पाहायला आलेल्या लोकांना ती कातडी काय सांगते हे समजावून द्यावे लागले नसणार.

माझे खवले दिसायला छान होते, पण ते चूक होते. इपॉक्सी एकदा घट्ट झाली की मऊ होत नाही. हाऊस मास्टर सर म्हणाले, “चार दिवस राहिलेत. कोणाच्या लक्षात येणार आहे?” मी म्हणालो, “सर, माझ्या लक्षात आले आहे.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि लाइट्स आऊटनंतर एक तास हॉबी रूम उघडी ठेवण्याची परवानगी दिली. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन दोन रात्री घासत बसलो. तो सातवीतला कॅडेट संध्याकाळी येऊन भुकटी झाडून देत असे.

नवी कातडी अशी केली: पुट्टीचा २ मिलिमीटरचा पातळ थर दिला, त्यावर चुरगाळलेली फॉइल दाबली आणि टूथपिकने उभ्या, वाकड्यातिकड्या सुरकुत्या ओढल्या. कोणतीही सुरकुती दुसरीसारखी नको. पोत जितका बारीक, तितका प्राणी मोठा वाटतो. पाठीवरच्या काट्यांच्या तीन ओळींसाठी पुट्टीची पातळ पोळी लाटून मेपलच्या पानासारखे तुकडे कापले. मधली ओळ सर्वात मोठी.

रंग

आधी राखाडी प्रायमर द्या. मग पातळ केलेला काळा रंग सुरकुत्यांत मुरू द्या आणि वरचा फडक्याने टिपून घ्या. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका राखाडी रंग फक्त उंचवट्यांवर फिरवा. सोनेरी, लाल काही लावू नका. कोळशासारखा राखाडी रंगच शोभतो.

प्रदर्शनाच्या दिवशी

मूर्ती पाटावर बसवल्यावर पायापुढे थोडी जागा रिकामी राहिली. तेथे मी तो बासमतीचा दाणा उभा चिकटवला. प्रमुख पाहुणे निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांनी मूर्ती सगळीकडून पाहिली, मग वाकून विचारले, “हा तांदूळ कशाला?”

“सर, याच प्रमाणात तो माणूस आहे.”

ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्यानंतर त्यांनी मूर्तीबद्दल काही विचारले नाही. चाचणीची तारीख आणि नौकेवर किती माणसे होती तेवढे विचारले. दोन्ही मला सांगता आले.

आमच्या हाऊसला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक पाण्यात खरोखर बुडी मारणाऱ्या पाणबुडीला गेला आणि तो योग्यच होता.

तुम्ही कोणताही प्राणी घडवा, आधी तीन प्रश्न वहीत लिहा. तो किती उंच आहे? त्याचा भार कोठे पडतो? त्याची कातडी अशी का आहे? उत्तरे मिळाल्यावरच तार कापायला घ्या. त्याच मापाचा माणूसही शेजारी जरूर ठेवा.

हॉबी रूम बुधवारी आणि शनिवारी खेळानंतर उघडी असते. उरलेली पुट्टी आणि फॉइल कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. हातमोजे मात्र आपापले आणा.